फक्कीची रेघ

भोर शहर व पंचक्रोशीतील समस्त नागरिक, लग्नाला आलेले पाहुणे, वडापचे जीपवाले, राजवाडा बघायला आलेले पर्यटक आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या गाई यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक एके काळी एसटी बस होता. साधीसुधी बस नव्हे. भोर-पुणे, लाल, मागच्या काचेला तडा गेलेली. याचे साक्षीदार हयात आहेत. मी बस झालो त्या दिवशी पेठेतले सराफ रिक्षा झाले होते आणि निवृत्त हेडमास्तर वडापची जीप झाले होते. हेडमास्तर जीपसारखेच कुणाला न विचारता मध्ये घुसत होते आणि वर माझ्याकडेच रागाने बघत होते.

हे सगळं घडवून आणलं धुमाळबाईंनी.

बाई पालिकेत अभियंता होत्या. गावचा आराखडा त्यांच्या टेबलावर यायचा, म्हणजे यायला हवा असायचा, कारण बाई टेबलाशी सापडायच्याच नाहीत. त्या कधीच खुर्चीत बसल्या नाहीत अशी त्यांची ख्याती होती. बैठकीला सगळे बसलेले आणि बाई खिडकीला टेकून उभ्या. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, "उभं राहणाऱ्यांचंच काम करतीय. बसून कसं कळंल?" पर्समध्ये शेंगदाणे आणि गूळ, हातात काळी छत्री. त्या छत्रीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या होत्या आणि ती पावसापेक्षा मापं घेण्यासाठी जास्त उघडी-मिटी व्हायची. दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमची चहाची किटली. नवा माणूस कप पुढे करायचा. बाई किटली वाकडी करायच्या आणि तिच्या नळीतून चहाऐवजी फक्की पडायची. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, कबड्डीचं मैदान आखतात ती.

काम असं होतं. आमची पेठ आखली गेली तेव्हा तिच्यातून जाणारी सगळ्यात रुंद वस्तू म्हणजे संस्थानची बग्गी. आता शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या येतात, कुणी धरणाला, कुणी राजवाड्यासमोर फोटो काढायला, आणि त्या लाकडी सज्जांखाली एकमेकींना नाक लावून उभ्या राहतात. तिकडे स्टँडवर एसटीला वळायला जागा नाही, जीपवाले फाटकात, रिक्षा जीपच्या पोटाशी. म्हणून ठरलं की जुन्या पेठेच्या कडेला, स्टँड आणि शेजारचं मैदान एक करून, एसटी, जीप, रिक्षा आणि बाहेरच्या गाड्या अशा सगळ्यांचा एकच तळ करायचा. सरकारी कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. पेठेनं त्याला "तळ" म्हटलं आणि विषय संपवला.

पहिला नकाशा पुण्याच्या सल्लागार मंडळींनी केला. पडद्यावर दाखवला. राजवाड्याची नक्कल करणारे बुरूज, त्यात तीन मजले गाड्या, आणि खाली फिरणारी चित्रातली माणसं सगळी गोरी, सडपातळ, एकीच्या हातात कुत्र्याचा पट्टा. सभागृह भारावलं. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा, मला बुरूज आवडतात. बाई खिडकीशी होत्या. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "यात बोकड घेऊन आलेला माणूस कुठं उभा राहील?"

सल्लागारांचा तरुण प्रतिनिधी आधी हसला, मग त्याने खरंच वही काढली. पोरगं चांगलं होतं. पुढच्या नकाशात त्याने तीन ठिकाणी बोकड काढला होता, एक तर चक्क तिकीट खिडकीसमोर रांगेत. बाईंनी तो नकाशा स्वतःच्या कपाटाला आतून चिकटवला होता.

बाई मूळच्या मार्गासनीच्या. भोरला कॉलेजात येताना त्यांना कापूरहोळच्या फाट्यावर गाडी बदलावी लागायची. त्यांचं अर्धं शिक्षण फाट्यावर उभं राहून झालं असं त्या म्हणायच्या. एकदा आजारी आईला घेऊन त्या तिथे उतरल्या. ऊन मी म्हणत होतं. आई एका ढाब्याच्या पडवीत टेकली तर मालक म्हणाला, गिऱ्हाईक असाल तर बसा. आई उठली आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसली. एवढंच. बाई हे सांगताना कधी रडल्या नाहीत की त्या ढाबेवाल्याला शिव्या दिल्या नाहीत. "त्याची पडवी, त्याचं बराबर," म्हणायच्या. "पण गाड्यांचा नकाशा सगळे काढत्यात. थांबलेल्या माणसाचा कुणी काढत न्हाई."

त्याच दिवशी मायलेकी भोरला पोचल्या आणि दवाखाना उघडेपर्यंत स्टँडसमोर हसनचाचांच्या दुकानाला टेकून उभ्या राहिल्या. चाचांनी आतलं एकुलतं स्टूल बाहेर काढून आईला दिलं. स्वतः उभ्याने काम केलं.

हसनचाचांचं दुकान म्हणजे पेठेच्या तोंडावरचं पहिलं. खाली दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा, पुढे काढघालीच्या फळ्या. वडिलांपासून कल्हईचं काम. आता कल्हईला कोण येतं? पण लग्नाची मोठी पातेली, देवळातली भांडी, आणि हल्ली हल्ली पुण्याहून हौसेने जुनी पितळ घेऊन येणारी मंडळी, यावर त्यांची भट्टी धुगधुगत होती. रोज सकाळी पहिल्या गाडीची माणसं त्यांच्या फळ्यांना पाठ लावून उभी असायची आणि रोज सकाळी चाचा पिशवी घेऊन येऊन तेच वाक्य म्हणायचे. जरा सरका, दुकान उघडायचंय. माणसं सरकायची, चाचा फळ्या काढायचे, आणि माणसं पुन्हा तिथेच येऊन टेकायची. त्याबद्दल चाचांनी कुणाला कधी टोकलं नाही.

आता फक्कीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्या पेठेत देवीचा छबिना निघतो. त्याच्या आदल्या दिवशी मानकरी घराण्यातला वडीलधारा माणूस पेठेतून चालत जातो आणि दोन्ही बाजूंनी फक्कीची रेघ ओढतो. पालखी आणि दिवट्या जायला एवढी जागा लागणार. त्या रेघेच्या बाहेर ज्याचं जे असेल, फळी, छपरी, पाटी, कुंडी, ते त्याने सकाळपर्यंत आपण होऊन आत घ्यायचं. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. ज्या पेठेत भावाभावांत वीतभर ओट्यावरून कोर्टकज्जे चाललेत, त्या पेठेत फक्कीच्या रेघेवर आजवर एक शब्द झालेला नाही. छबिना गेला की दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा बाहेर.

बाईंना हे फार आवडायचं. मला एकदा म्हणाल्या, "बापू, तुमच्या गावात कागदावरच्या रेघंवर भांडणं होत्यात, फक्कीच्या न्हाई. मग म्या कागद कशाला वापरू?" आणि हसल्या. स्वतःची युक्ती सापडल्याचा तो आनंद होता. मला तो चेहरा अजून दिसतो.

म्हणून त्यांनी तळाचा नकाशा मैदानावर आखला, खऱ्या मापाचा. किटलीतून फक्की सोडत त्या पुढे चालल्या आणि मागून माझे गडी दोऱ्या ताणत. इथे एसटी लागणार, इथे जीप, इथे बोकडवाला. मग माझे बांबू बांधून बसच्या मापाचा एक चौकोन केला आणि तो चार कोपऱ्यांवर चार माणसांनी उचलला. बांबू माझे असल्यामुळे ड्रायव्हरचा कोपरा मी घेतला. बाई छत्री उंच धरून उभ्या. "बापू, रिव्हर्स. अजून. अजून. थांबा, तुमी हेडमास्तरांना चिरडलंत." हेडमास्तर म्हणाले, चूक बसची आहे, मी आधीपासून उभा होतो. सराफ म्हणाले, मला भाडं मिळालंय, मी निघतो. सगळी पेठ सज्जांतून बघत होती. बायका पोट धरून हसत होत्या. पण संध्याकाळपर्यंत ज्या माणसाने "तळ नको" म्हणून सह्या गोळा केल्या होत्या तोच वरून ओरडून सांगत होता की जीप त्या कडूलिंबाच्या पलीकडे लावा म्हणजे बसला वाट मिळेल. बाईंनी लगेच फक्की पुसून जीप पलीकडे घेतली.

चाचाही त्या दिवशी होते. बसच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला. वयाने सगळ्यांत मोठे, पण बांबू सोडायला तयार नव्हते.

एक अडचण राहिली. बस पेठेच्या बाजूने बाहेर पडताना तिचं मागचं अंग, म्हणजे चाचांचाच कोपरा, चाचांच्याच दुकानावरून जात होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सगळे थट्टेने म्हणाले, चाचा, स्वतःच्या दुकानावर बस घालता होय. चाचा हसले. बाई हसल्या नाहीत. बराच वेळ छत्री टेकून त्या जागेकडे बघत राहिल्या, आणि मग बसचं मागचं टोक कुठवर जातं ते लक्षात राहावं म्हणून त्यांनी तिथे एक रेघ ओढली. रेघ मैदानातून आली, रस्ता ओलांडून जोत्यावर चढली, फळ्यांच्या खालून गेली आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उतरली. बाईंनी छत्री मिटली, गूळ-शेंगदाणे सगळ्यांना वाटले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला बैठक होती म्हणून त्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

ती रेघ म्हणजे त्यांचा प्रश्न होता. पेठेनं फक्कीत प्रश्न कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सारोळ्याला एका लग्नाच्या मांडवात होतो. त्यामुळे चाचांनी दुकान उतरवलं ते मी पाहिलं नाही. नंतर ऐकलं. शुक्रवार, दुकान तसंही बंद. नमाजाहून आल्यावर त्यांनी दोन्ही जावयांना बोलावलं, भट्टी फोडली, फळ्या काढल्या, सांगाड्याचे खांब जोत्यातून सुटेनात तेव्हा करवतीने कापले. पेठेतली चार माणसं येऊन उभी राहिली. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रेघ होती. उलट दोघा-तिघांनी हात लावला.

शनिवारी सकाळी बाई पुण्याहून आल्या. मी माझे बांबू परत न्यायला मैदानावर गेलो होतो. त्या एसटीतून उतरल्या ते लगबगीनं, चेहरा फुललेला, हातात फक्कीने भरलेली किटली. लांबूनच मला म्हणाल्या, "बापू, सुटलं बघा. कडूलिंबाच्या अंगानं फलाट जरा तिरका घ्यायचा. चाचांच्या दुकानाला धक्का न्हाई." आणि त्या पुसायची रेघ पुसायला वळल्या.

तिथे दुकान नव्हतं.

जोतं होतं, झाडून काढलेलं. फळ्या मागच्या घराच्या भिंतीला एकावर एक रचलेल्या. विटा-मातीचा ढीग, तोही मापात, रेघेच्या आत. आणि रेघ पांढरीशुभ्र, कुठे पुसटसुद्धा झालेली नाही. चाचा जोत्याच्या कडेला उभे होते. आमच्या गावात मी पुष्कळ समारंभ उभे केलेत, पण चांगलं काम केल्याचा असा चेहरा मी कमी वेळा पाहिलाय.

"बघा बाई," ते म्हणाले, "रेघंला पाय लागू दिला न्हाई कुणाचा."

बाईंनी किटली खाली ठेवली. "चाचा, म्या तुमाला काय सांगितलं हुतं का?"

"सांगाय कशाला पायजे? माझ्या मागं धा दुकानं हायत. पयल्यानं काढलं म्हंजी बाकीचं भांडायचं न्हाईत. तुमच्या कामाला खोटी नगं."

आता इथे एखादा माणूस खोटं बोलला असता. मी नक्की बोललो असतो. होय चाचा, फार उपकार झाले, असं म्हटलं असतं, नकाशात बस दुकानाच्या जागेवरून नेली असती आणि सगळ्यांची अब्रू राहिली असती. तिरक्या फलाटाचं त्या क्षणी बाई आणि मी, दोघांनाच ठाऊक होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या खाली बसल्या. जोत्यावर नाही, रस्त्यावर, मातीत. बाईंना बसलेलं पेठेनं पहिल्यांदा पाहिलं ते असं.

त्यांनी चाचांना सगळं सांगितलं. रेघ नुसती बघायसाठी होती. बस आता तिकडून येणार नाही. दुकान पाडायचं कारण नव्हतं. हळू बोलत होत्या, पण सराफांच्या सज्जापर्यंत ऐकू गेलं.

चाचांनी रेघेकडे बघितलं. मग फळ्यांकडे. म्हणाले, "मग वढायची कशाला, बाई?" त्यात राग नव्हता. खरोखर विचारत होते.



पुढची दोन वर्षं, निवृत्तीपर्यंत, बाईंनी एका बाजूला तळ आणि दुसऱ्या बाजूला चाचांचं दुकान, दोन्ही कामं खांद्यावर वागवली. तळ पुढे सरकला. दुकान सरकेना. जुन्या पेठेचा नियम असा की उभं आहे ते दुरुस्त करता येतं. पडलं ते नव्याने बांधायचं, आणि नव्याने बांधायचं तर रस्त्यापासून अंतर सोडायचं. सोडायचं अंतर आणि चाचांच्या दुकानाची खोली साधारण एकच होती. नियम काही वाईट नव्हता. दहा घरं त्यानेच वाचली आहेत. बाई तो नियम लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवायच्या, कारण तो करतानाच्या बैठकींना त्या स्वतः होत्या, खिडकीशी उभ्या. मग तळाच्या आत गाळा देऊ केला. पण प्रवाशांच्या छपराखाली भट्टी पेटवता येत नाही, आणि भट्टीशिवाय कल्हईवाला म्हणजे नुसता भांडी बघणारा माणूस. चाचांनी मागच्या बोळात भाड्याची खोली घेतली. तिथे धूर कोंडतो. गिऱ्हाइकाला ती सापडत नाही. चाचांनी बाईंना कधी बोल लावला नाही. येता-जाता विचारायचे, तब्येत बरी हाय का. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

छत्री राहिली, शेंगदाणे राहिले, पण किटली बाईंनी मला दिली. म्हणाल्या, "घ्या बापू. चहा करू नका यात, आतडी पांढरी व्हतील." विनोद होता. मी हसलोही. पण त्यानंतर त्यांनी जमिनीवर एकही रेघ मारली नाही. सगळं कागदावर, चारी बाजूंनी सह्या घेऊन. पेठेनं प्रत्येक कागदावर भांडण केलं. बाईंनी प्रत्येक भांडण शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं.

तळ झाला. बुरूज नाहीत, मला अजून रुखरुख आहे. कडूलिंबाला वळसा घालून तिरका फलाट, त्याच्यामागे गाड्यांची जागा, आणि थांबणाऱ्यांसाठी लांब, खोल छप्पर, ज्याच्या एका टोकाला नुसती मोकळी फरशी आणि पाण्याचा नळ आहे. ते बोकडवाल्याचं. चाचांच्या दुकानाच्या जागी काय आहे म्हणाल, तर काही नाही. जोतं काढून ब्लॉक बसवले. सकाळी ऊन तिथे आधी येतं, म्हणून माणसं गाडीची वाट बघत तिथेच उभी असतात.

उद्घाटनाला मांडव अर्थातच माझा. निवृत्त झालेल्या बाईंना निमंत्रण होतं, पहिल्या रांगेत नाव लावलेली खुर्ची होती. खुर्ची रिकामी. मी फुलांच्या कमानीवर चढून तारा आवळत होतो, तिथून मला त्या दिसल्या. मार्गासनीहून येऊन कापूरहोळला गाडी बदलून, साध्या प्रवाशासारख्या त्या उतरल्या. मांडवाकडे आल्या नाहीत. ब्लॉकवर, जिथे फळ्या असायच्या बरोबर तिथे, छत्रीवर दोन्ही हात टेकून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. माइकवर कुणीतरी त्यांचं नाव घेऊन आभार मानत होतं. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

तेवढ्यात पेठेच्या तोंडातून हसनचाचा आले. बोळातल्या खोलीकडे निघाले होते, हातात तीच पिशवी, मान खाली. समोर कुणीतरी बाईमाणूस वाटेत उभं आहे एवढंच त्यांना दिसलं असावं. ते थांबले, पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात फळी धरायला उचलले, आणि जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं:

"बाई, जरा सरका, दुकान उघडायचंय."